आधी दांड्या, मग ट्रिम

रिमोटवरचा ट्रक सरळ सोडला आणि तो एका अंगाला ओढू लागला, की हात आपोआप चाकांचा मध्य सरकवणाऱ्या ट्रिमच्या बटणाकडे जातो. पनवेलमध्ये हा छंद करताना माझं मत मात्र पक्कं होत गेलं आहे: ट्रिम ही दुरुस्तीची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. कळंबोलीला खऱ्या ट्रकांचं अलाइनमेंट करतात तेव्हाही आधी स्टिअरिंग मधोमध आणून पक्कं करायचं आणि मग स्टिअरिंगच्या दांड्यांची लांबी बदलून चाकं सरळ करायची, असाच क्रम असतो. स्टिअरिंग तिरकं धरून गाडी सरळ हाकण्याला कुणी अलाइनमेंट म्हणत नाही. ट्रिमवर भागवणं म्हणजे नेमकं तेच.

याचा पुरावा चाकं वळवणाऱ्या मोटरमध्ये, म्हणजे सर्व्होतच आहे. मध्यावर राहण्यासाठी त्याला साधारण १.५ मिलिसेकंदांचा सिग्नल मिळतो. १ आणि २ ही दोन टोकं. ट्रिमने मध्य १.६ वर सरकवला, की याच हद्दीत एका बाजूला ०.६ उरतात, दुसऱ्या बाजूला ०.४. म्हणून असा ट्रक एकीकडे झटकन वळतो आणि दुसरीकडे वळताना अंगणभर जागा मागतो. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वर्तुळं ताडून पाहिली, की दोष लगेच कळतो. यावर कुणी म्हणेल, मग कंपनी ट्रिम देते कशाला? त्याचंही कारण आहे. सर्व्होच्या शाफ्टला २५ दाते असतील, तर एक दाता १४.४ अंशांचा. म्हणजे शाफ्टवर बसणारा आणि दांड्या ओढणारा हात, म्हणजे हॉर्न, कितीही नीट बसवला, तरी ७.२ अंशांपर्यंत फरक राहू शकतो. ट्रिम आहे ती या उरलेल्या फरकासाठी.

दुसरा आक्षेप असा, की हल्लीच्या ट्रान्समीटरमध्ये दोन्ही बाजूंची हद्द वेगवेगळी ठरवता येते. येते खरी, पण त्याने सहसा जास्त वळणारी बाजू कापली जाते. दांड्यांनी अडवलेली बाजू काही वाढत नाही. शिवाय ढिलेपणावर बटणाचा इलाज नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात चिखल आणि बारीक वाळू बॉल जॉइंटमध्ये शिरते आणि सांधे झिजतात. चाकं डावीकडे वळवून सोडा, मग उजवीकडे वळवून सोडा. दोन्ही वेळा ती वेगवेगळ्या जागी थांबली, तर सांधा ढिला आहे, कुठे अडकतो आहे किंवा सर्व्होला धक्क्यांपासून वाचवणाऱ्या सर्व्हो सेव्हरची स्प्रिंग दमली आहे. ट्रिमचा कोणताही एक आकडा या दोन्ही जागांना बरोबर ठरू शकत नाही. स्वस्त, बंद खेळण्यात हॉर्न काढताच येत नाही. तिथे ट्रिमखेरीज इलाज नाही, हे मान्य.

आणि ट्रकला दोष देण्याआधी रस्ता तपासावा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यांना कडेकडे उतार दिलेला असतो. त्याच जागेवर ट्रक उलट दिशेने चालवला आणि तरीही तो त्याच कडेकडे घसरला, तर खोट उताराची आहे. पार्किंगमधल्या सपाट फरशीवर, फरशांच्या सांध्याच्या रेषेत चालवलेली चाचणीच खरी.

तेव्हा क्रम सोपा आहे: सांधे तपासा, ट्रिम शून्यावर आणा, रिमोट आणि ट्रक चालू ठेवून हॉर्न मध्याच्या सर्वांत जवळ येणाऱ्या दात्यावर बसवा, दांड्यांची लांबी जुळवा. एवढं करून जे उरेल, तेवढंच ट्रिमवर सोपवा.