बुकिंगआधी न दिसणारी खोली

क्रूझच्या प्रवासात जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही असा एखादा दिवस येतो. त्या दिवशी सकाळी प्रवाशांचा एक छोटा गट हातात यादी घेऊन एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये जाताना दिसतो. परदेशी क्रूझवर या प्रकाराला ‘केबिन क्रॉल’ म्हणतात. आपली केबिन इतरांना दाखवायला तयार असलेले प्रवासी जहाज सुटण्याआधीच आपसांत बोलून ठेवतात, कुणीतरी एक जण यादी आणि वेळ ठरवतो, आणि आतल्या बिनखिडकीच्या केबिनपासून सूटपर्यंत प्रत्येक प्रकारची एकेक खोली सगळ्यांना पाहायला मिळते. अशा फेऱ्या आखण्याचं काम मी आवडीनं करते. दुसऱ्याच्या खोलीत डोकावण्याची ही हौस आहे असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. क्रूझवर सर्वाधिक पैसे ज्या निवडीवर अवलंबून असतात ती निवड म्हणजे केबिन, आणि नेमकी तीच प्रवासी न पाहता करतो. ही उणीव आज सहप्रवाशांइतकी चांगली कुणीच भरून काढू शकत नाही, म्हणून हे काम नेटानं आणि शिस्तीत व्हायला हवं.

हॉटेलात आधी खोली दाखवा असं म्हणता येतं, पसंत नसेल तर दुसरी मागता येते. जहाजावर हे दोन्ही अवघड. पूर्वी निरोप द्यायला आलेले नातेवाईक जहाज सुटेपर्यंत आत येऊन फिरत. २००१च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं जहाजं आणि बंदरांसाठी नवे सुरक्षानियम केले. १ जुलै २००४पासून ते लागू झाले आणि पाहुण्यांसाठी जहाजाचं दार जवळजवळ बंद झालं. हे नियम योग्यच आहेत. पण त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हाती उरला तो डेकचा नकाशा, चौरस फुटांचा आकडा आणि रुंद भिंगानं काढलेले फोटो. चढल्यावर खोली आवडली नाही तरी जहाज बहुधा भरलेलं असतं, बदलून मिळण्याची शक्यता थोडी.

नकाशातून काय कळत नाही, याची उदाहरणं जहाजोजहाजी आहेत. एकाच वर्गातल्या, एकाच दराच्या दोन बाल्कनी केबिनमध्ये एकीत पलंग बाल्कनीजवळ असतो, दुसरीत कपाटाजवळ. कपाटाजवळ पलंग असेल तर एक जण झोपलेला असताना दुसऱ्याला कपाटातून कपडे काढणंही अवघड जातं. कुठे खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते. कुठे डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक येतो आणि पहाटेपासून खुर्च्या ओढण्याचा आवाज येत राहतो. २०१०च्या ‘नॉर्वेजियन एपिक’वर अनेक केबिनमध्ये शौचालय आणि शॉवर वेगवेगळ्या कोपऱ्यांत आहेत आणि बेसिन थेट खोलीत. कागदावर ही जागेची बचत वाटते. दोन मैत्रिणी किंवा सासू-सून एकत्र राहणार असतील तर त्याचा खरा अर्थ आत उभं राहिल्यावरच लक्षात येतो. २००९च्या ‘ओएसिस ऑफ द सीज’वर काही बाल्कन्या समुद्राकडे न उघडता जहाजाच्या मधोमध केलेल्या बागेवर उघडतात. ‘बाल्कनी’ म्हटल्यावर समुद्रच गृहीत धरणाऱ्यानं ती आधी पाहिलेली बरी. उलट २०११च्या ‘डिस्ने ड्रीम’वर आतल्या केबिनमध्येही गोल पडद्यावर बाहेरच्या समुद्राचं त्या क्षणाचं चित्र दिसतं. ते पाहिल्यावर खिडकीसाठी जादा पैसे भरायचे का, याचा विचार माणूस नव्यानं करतो.

आपल्याकडच्या प्रवाशांना तर हे जास्तच लागू पडतं. मराठी कुटुंबं बऱ्याचदा सहल कंपनीबरोबर क्रूझला जातात आणि केबिनचा प्रकार आधीच ठरलेला असतो. एका केबिनमध्ये चौघं म्हणजे दोघांनी भिंतीतून किंवा छतातून उघडणाऱ्या बर्थवर शिडीनं चढायचं, हे कित्येकांना आत गेल्यावरच कळतं. २०२१पासून मुंबईहून सुटू लागलेलं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे मूळचं १९९०चं जहाज. त्यातल्या खोल्या नव्या जहाजांच्या मानानं लहान आहेत. गोव्याच्या छोट्या सफरीला त्या पुरतात, पण त्याच अंदाजानं आठवडाभराची क्रूझ ठरवू नये. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी न्हाणीघराचा उंबरठा किती उंच आहे, धरायला दांडी आहे का, व्हीलचेअर दारातून जाते का, हे प्रश्न समुद्राच्या देखाव्याइतकेच महत्त्वाचे असतात. त्यांची उत्तरं त्याच खोलीत राहणाऱ्या माणसाकडून मिळतात.

यावरचा पहिला आक्षेप खासगीपणाचा आणि सुरक्षेचा. तो रास्त आहे, आणि म्हणूनच फेरी कडक नियमांवर चालावी असं मी मानते. केबिन तिच्या मालकानं स्वतःहून देऊ केलेली असावी, तो तिथे हजर असावा, आणि ऐनवेळी नको म्हणायचा त्याचा हक्क कुणी नाकारू नये. केबिनचे क्रमांक प्रवासाआधी कुणाला कळवू नयेत. यादी जहाजावरच हातात द्यावी. मौल्यवान वस्तू तिजोरीत, फोटो विचारून, पलंगावर बसायचं नाही, न्हाणीघर वापरायचं नाही. ‘हेवन’ किंवा ‘यॉट क्लब’सारख्या स्वतंत्र कार्ड लागणाऱ्या भागात तिथला रहिवासी आणि कर्मचारी दोघांचीही परवानगी हवी. कर्मचाऱ्यांनी नाही म्हटलं तर तिथेच थांबायचं. दुसरा आक्षेप केबिन साफ करणाऱ्यांच्या त्रासाचा. त्यांच्या गाड्या अरुंद बोळात उभ्या असतात, म्हणून गट आठ-दहा जणांचाच हवा, आणि वेळ त्यांना विचारून ठरवायला हवी. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ असेल तर फेरी सरळ रद्द करावी, कारण नोरोव्हायरस दाराच्या मुठीवरूनही पसरतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. महागडे सूट पाहून साध्या केबिनवाल्याला आपलं थोडकं वाटेल आणि श्रीमंतीचं प्रदर्शन होईल, असं म्हटलं जातं. फेरीचा क्रम चुकीचा असेल तर असं होऊ शकतं. पण आतल्या केबिनला सूटइतकाच वेळ दिला, तिथल्या माणसाला सामान कसं बसवलं, झोप कशी लागते हे सांगू दिलं, तर जादा पैशांत नेमकं काय मिळतं हे सगळ्यांना उघड दिसतं. मुख्य जेवणघर, नाट्यगृह, डेक, बंदरं यांतलं बरंचसं सगळ्यांना सारखंच मिळतं. फरक डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढच्या वेळी आपल्या गरजेपुरताच खर्च करतो. कुणी मोठी खोली घेईल, कुणी त्या पैशांत आणखी एक सफर करेल. हल्ली व्हिडिओ सगळीकडे आहेत, मग फिरायचं कशाला, असंही विचारलं जातं. व्हिडिओत खोली दिसते, पण भिंतीतून येणारी इंजिनाची घरघर त्यात ऐकू येत नाही, आणि ‘काल रात्री जहाज हललं तेव्हा तुम्हाला झोप लागली का’ असं त्याला विचारता येत नाही.

जहाज कंपन्यांनी प्रत्येक सफरीत प्रत्येक प्रकारची एखादी केबिन काही तास पाहायला खुली ठेवली तर आमच्यासारख्यांचं काम बरंच कमी होईल, आणि ती मागणी प्रवाशांनी करत राहावी. तोवर ही जबाबदारी प्रवाशांची आहे. ज्यांनी इतरांच्या केबिन पाहून आपला निर्णय सुधारला, त्यांनी पुढच्या प्रवासात आपली केबिन यादीत द्यावी. साध्यातल्या साध्या केबिनवाल्यांनी तर आवर्जून द्यावी, कारण पहिल्यांदा क्रूझ ठरवणारे बरेच जण तिथूनच सुरुवात करतात.