पॅरिस ते ल्यों : पाच दिवस आणि दोन तास

युरोपचा नकाशा उघडा आणि फ्रान्समधली दोन शहरं शोधा. वरच्या बाजूला पॅरिस आणि खाली आग्नेयेला ल्यों. दोघांमधलं अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर. आज आगगाडी हे अंतर दोन तासांत कापते. अडीचशे वर्षांपूर्वी किती वेळ लागत असेल, सांगा बघू? उन्हाळ्यात पाच दिवस आणि हिवाळ्यात सहा!

तेव्हा 'दिलिजाँस' नावाच्या मोठ्या घोडागाड्या धावत. वाटेत ठरावीक अंतरावर ठाणी असत. तिथे दमलेले घोडे सोडायचे, ताजे जोडायचे आणि पुढे निघायचं. हाकणारा गाडीवर नव्हे, तर एका घोड्यावरच बसे. पाय दोन घोड्यांमध्ये चिरडू नये म्हणून तो भलेमोठे, जाडजूड बूट घाली. एका पावलात कित्येक कोस नेणारे जादूचे बूट तुम्ही गोष्टीत वाचले असतील. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली प्रसिद्ध केलेल्या गोष्टीत ते आहेत. ते या हाकणाऱ्यांवरूनच सुचले, असं म्हणतात.

फ्रान्सचे मोठे रस्ते बघून परदेशी प्रवासी थक्क होत. पण ते बांधले कोणी? शेतकऱ्यांनी, आणि तेही फुकट! १७३८ पासून देशभर वेठ लागू झाली. वर्षातले काही दिवस हातातलं काम टाकून दगड फोडायला जायचं. सरदारांना आणि धर्मगुरूंना मात्र माफी. ज्याने रस्ता बांधला, त्याच्याकडे दिलिजाँसच्या भाड्याचे पैसे कुठून असणार? त्युर्गो नावाच्या मंत्र्याने १७७५ साली हलक्या, वेगवान गाड्या सुरू केल्या आणि १७७६ साली ही वेठ बंद केली. पण त्याच वर्षी त्याचं मंत्रिपद गेलं आणि वेठ परत आली! ती कायमची जायला आणखी काही वर्षं लागली.

मग आली रेल्वे. पॅरिसहून पहिली गाडी १८३७ साली सुटली. १८४२ च्या कायद्याने ठरवलं, की मुख्य लोहमार्ग पॅरिसमधून चहूकडे जावेत, चांदणीच्या टोकांसारखे. राजधानीची सोय झाली, इतरांना वळसा पडला. आजही ल्योंहून पश्चिमेच्या बोर्दोला वेगवान गाडीने जायचं, तर आधी वर पॅरिसच्या बाजूला जावं लागतं.

एक गंमत ऐका. १८९१ साली साऱ्या देशात पॅरिसची वेळ लागू झाली. पण स्टेशनच्या आतलं घड्याळ बाहेरच्यापेक्षा मुद्दाम पाच मिनिटं मागे ठेवत. धापा टाकत येणाऱ्याला गाडी मिळावी म्हणून! ही पद्धत १९११ पर्यंत टिकली.

१९३६ साली कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. रेल्वेने सवलतीची तिकिटं काढली. कितीतरी जणांनी तेव्हा जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. माझ्या मते, फ्रान्सच्या प्रवासाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट. वेगाचे विक्रम त्यापुढे काहीच नाहीत.

पुढे घरोघरी मोटारी आल्या. ऑगस्ट उजाडला, की सारं पॅरिस जणू 'राष्ट्रीय मार्ग क्रमांक ७' वर लोटे. हा रस्ता ल्योंवरून थेट भूमध्य समुद्राकडे जाई. टपावर सामान, मागच्या सीटवर कंटाळलेली मुलं, आणि गावागावांत गाड्यांच्या रांगा. मोंतेलिमार गावात मध आणि बदामाची मिठाई मिळते. तिथली दुकानं या रांगांवर चांगली चालत. खानावळी, पेट्रोल पंप, गॅरेज, सगळ्यांचं पोट या रस्त्यावर होतं.

१९७० साली पॅरिस ते मार्सेय असा सलग द्रुतगती मार्ग तयार झाला आणि तो गावांना बाजूला ठेवून गेला. १९८१ साली तेजेवे ही अतिवेगवान रेल्वे सुरू झाली आणि १९८३ पासून ल्यों दोन तासांवर आलं. त्या नव्या लोहमार्गावर मधे फक्त दोन स्टेशनं आहेत, तीही गावाबाहेर. ल्योंला लवकर पोचता येतं खरं, पण मधल्या गावांचं काय? जुन्या रस्त्यावरचे कितीतरी पंप आणि खानावळी बंद पडल्या.

तेजेवेमुळे विमानालाही माघार घ्यावी लागली बरं का! रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचता येत असेल, तर देशातल्या देशात विमान नको, असा नियम २०२३ साली लागू झाला. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून ल्योंला जाणाऱ्या विमानांवर त्यामुळे बंदी आली.

आणि क्रमांक ७ चा तो जुना रस्ता? त्याच्यावर लापालिस नावाचं छोटं गाव आहे. नवा रस्ता आता गावाबाहेरून जातो. म्हणून तिथे दर दोन वर्षांनी जुन्या मोटारींचे शौकीन जमतात आणि मुद्दाम वाहतूक कोंडी करतात! टपावर ट्रंका बांधलेल्या जुन्या गाड्या, जुन्या पद्धतीचे कपडे घातलेली माणसं, आणि नुसती हॉर्नची पोंपों. सगळे खुशीने अडकून पडतात आणि गाव बघायला बाहेर येतं.