बहात्तर मतं

ताप उतरताना अंथरुणात पडून काहीबाही चाळत होतो. बॅटमॅनचं १९८८चं ते कॉमिक हाती आलं. बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड याने जगावं की मरावं हे प्रकाशक डीसीने वाचकांवरच सोपवलं होतं. दोन फोन नंबर, कॉलला पन्नास सेंट. मरावा म्हणणारे ५३४३, जगावा म्हणणारे ५२७१.

जिम अपारोने काढलेलं, बॅटमॅनच्या हातांवर निपचित पडलेलं ते पोरगं मी बराच वेळ बघत राहिलो. उर्मट होता, अनेकांना खुपायचा, कबूल. पण त्यासाठी पदरचे पैसे मोडून फोन फिरवायचा? स्टुडिओवाले चाहत्यांचं ऐकत नाहीत, अशी ओरड आपण सारखी करतो, मीही करतो. इथे तर ऐकलं होतं. पुढे २००५मध्ये जेसनला परत आणलं, तेव्हा मात्र कुणाचं मत मागवलं नाही. मला बरं वाटलं. ‘मरावा’ म्हणून फोन केलेल्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे.