बसलेली गाडी, उचललेली गाडी

“मिस्त्री, गाडी दोन बोटं वर घ्या.”

मृग लागला की हे वाक्य कानावर पडायला लागतं, ते थेट दसऱ्यापर्यंत. बासरहून धर्माबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं पाट्यांचं वर्कशॉप आहे. पाटे म्हणजे गाडीच्या कमानी. दारात एम. एच. २६ ची गाडी उभी असते, तिच्यामागे टी. एस. १८ ची. बासर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. आणि मुधोळ-भैंशाचा हा सगळा भाग १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. त्यामुळे गिऱ्हाईक मराठीत सुरुवात करतं, मध्येच तेलुगूत शिरतं आणि पैशाची गोष्ट निघाली की दखनीवर येतं. मागणी मात्र तिन्ही भाषांत एकच असते. गाडी वर घ्या.

यंदा पहिला पाऊस पडल्यावर एक मामा आले. सहा वर्षांची बोलेरो पिकअप. उन्हाळ्यात मिरची धर्माबादच्या मोंढ्यात, पेरणीच्या वेळी खताची पोती, दसऱ्याला सोयाबीन, कधी हळद निजामाबादला. म्हणाले, शेताच्या वाटेवर गाडी खाली घासते.

“खाली म्हणजे कुठं?”

“खाली म्हणजे खालीच की!”

बहुतेकांचं उत्तर हेच असतं आणि बहुतेक चुकीची कामं इथूनच सुरू होतात. मी डबीतला चुना कालवला आणि गाडीखाली शिरून पाच-सहा ठिकाणी फासला. डिफरन्शियलच्या गोळ्याचं बूड, सायलेन्सरचा पाइप, चेसिसची आडवी पट्टी, मागं टांगलेली स्टेपनी, यू-बोल्टची टोकं, शॉकपचे खालचे कान. सांगितलं, “चार दिवस नेहमीसारखी चालवा. चिखलातून नको, कोरड्या वाटेनं. मग या.” मामांना हा प्रकार अंगारा लावल्यासारखा वाटला असणार, पण ते आले. चुना तीन ठिकाणी पुसला होता: गोळ्याच्या बुडाचा, स्टेपनीचा आणि सायलेन्सरचा. चेसिसचा जसाच्या तसा.

आता इथली वाट कशी असते ते सांगायला हवं. काळ्या रानातल्या गाडवाटेवर पूर्वी बैलगाडीच्या चाकांनी चाकोऱ्या पडायच्या. आता त्या ट्रॅक्टर पाडतो. ट्रॅक्टरचं चाक मोठं, पोट उंच. तो पावसात खोल चाकोरी कापून जातो, ऊन पडलं की ती माती विटेसारखी वाळते आणि मध्ये लांबच लांब दांड उभा राहतो. पिकअप त्या चाकोरीत उतरली की चाकं खाली आणि दांड पोटाला. सगळ्यात आधी लागतो तो मागचा गोळा, कारण तो अॅक्सलच्या मधोमध लोंबतो.

माझ्या धंद्यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की पाटे उंच केले तर पाट्यांच्या वरचं सगळं उचललं जातं: चेसिस, केबिन, हौदा, स्टेपनी. अॅक्सल आणि गोळा पाट्यांच्या खालच्या बाजूला, चाकांबरोबर असतात. गाडी चार इंच उचला, नाहीतर फूटभर उचला, गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त टायरनं. २१५/७५ आर १५ मापाचं टायर साधारण ७०३ मिलिमीटर उंच असतं, २३५/७५ आर १५ चं साधारण ७३३. टायर तीस मिलिमीटरनं मोठं झालं, तर गोळा उचलला जाणार त्याच्या निम्मा, पंधरा मिलिमीटर. म्हणजे पुरतं एक बोटही नाही. त्या बदल्यात स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टनं पळत असेल, चढाला गिअर जड वाटेल आणि क्लच लवकर जाईल. एवढं करूनही ओल्या काळ्या मातीत उपयोग शून्य. तिथं गाडी पोटावर घासत नाही, चाक रुततं. वाफसा येईपर्यंत थांबणं याला पर्याय नाही, आणि ते माझ्या वर्कशॉपमध्ये विकत मिळत नाही.

म्हणजे मामांच्या तीन खुणांपैकी गोळ्याच्या खुणेवर माझ्याकडे औषध नव्हतं. स्टेपनी आणि सायलेन्सर मात्र चेसिसला टांगलेले. ते का घासत होते? मी गाडीचं माप घेतलं. माप जमिनीपासून घ्यायचं नाही. टायर झिजलेलं, हवा कमी-जास्त. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचं, चारही बाजूंना, आधी रिकाम्या गाडीचं आणि मग नेहमीचा माल भरून. मामांची गाडी रिकामी असतानाच मागून तीन बोटं खाली होती. पाटे बसले होते.

‘पाटे बसले’ हा आमचा शब्द. कमान नवी असते तेव्हा धनुष्यासारखी वर वळलेली असते. वर्षानुवर्षं जास्त माल भरला की पोलाद थकतं, वळण सरळ होतं, मधली रबरी गोटी अॅक्सलवर आपटायला लागते. मालकाला वाटतं, कंपनीनं गाडीच ठेंगणी दिली. माझ्याकडे ‘उचला’ म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये अशा बसलेल्याच जास्त. बसलेली गाडी उठवायची असते आणि उभी गाडी उचलायची असते. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं न करता दुसरं केलं तर पैसा वाया जातो.

उठवायचं कसं? स्वस्तातला रस्ता म्हणजे जुन्या पाट्याला पुन्हा वळण देणं. थंड पाट्यावर ठोकून वळण आणलं तर काही महिन्यांत तो पुन्हा बसतो. भट्टीत लाल करून वाकवला तर त्याचं पाणी उतरतं. पुन्हा नीट पाणी द्यायला हवं आणि ते रस्त्याकडेच्या भट्टीत साधत नाही. एक तर तो मेणासारखा होतो नाहीतर काचेसारखा. कारखान्यात पाट्याला ताण येतो त्या बाजूवर छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग टणक केलेला असतो; भट्टीत तेही जातं. म्हणून मी मूळ मापाचा नवा सेट सांगतो. त्याबरोबर नवे बुश, नवा सेंटर बोल्ट आणि नवेच यू-बोल्ट. जुना यू-बोल्ट एकदा ताणलेला असतो, तो पुन्हा तसा धरत नाही. आणि माल भरून पाचेकशे किलोमीटर झाले की परत येऊन आवळून न्यायचं. हे कुणी करत नाही. पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतो तो बऱ्याचदा ढिल्या यू-बोल्टमुळे.

“मग एक पाटा जास्तीचा टाका ना,” हा पुढचा आग्रह. टाकता येतो, पण त्याचं गणित माझ्या उस्तादांनी मला खडूनं फरशीवर शिकवलं होतं. आठ पाट्यांत त्याच जाडीचा नववा टाकला तर ताकद एक अष्टमांशानं वाढते. पण आठ मिलिमीटरचे काढून सगळे नऊ मिलिमीटरचे बसवले तर ती सुमारे बेचाळीस टक्क्यांनी वाढते, कारण जाडी घनानं मोजली जाते. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, मणक्याला कळतो. रिकाम्या गाडीच्या वजनानं पाटा शंभर मिलिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला दीडेक वेळा झुलते, ते अंगाला मानवतं. तोच पाटा पंचवीसच मिलिमीटर दबत असेल तर ती सेकंदाला तीनदा उडते. मोंढ्यातून रिकामी परतणारी पिकअप बेडकासारखी उड्या मारते ती याचमुळे. चाक हवेत असताना ब्रेक कुणाला लागायचा? म्हणून कधीमधी जास्त माल भरणाऱ्याला मी हेल्पर पाटे सुचवतो. ते रिकाम्या गाडीत निवांत असतात, माल चढला की कामाला लागतात.

उभी गाडी खरोखर उचलायची असेल तर मागच्या बाजूला तीन मार्ग आहेत. अॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा ठेवायचा. पाट्याचं टोक चेसिसला जोडणारं शॅकल लांब करायचं. किंवा जास्त वळणाचे पाटे घालायचे. ठोकळा सगळ्यात स्वस्त, पण त्यानं ब्रेक मारताना आणि वेग घेताना पाट्याला पीळ बसतो. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नाही, आणि पुढच्या अॅक्सलखाली तर एकही नाही. शॅकल चार सेंटिमीटरनं लांबवलं तर गाडी दोनच उठते. वर अॅक्सलचा कोन बदलतो आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस घरघरायला लागतो. तिसरा मार्ग महाग आणि बरा.

ठोकळ्यानं मला एकदा धडा शिकवला. धंदा स्वतःचा सुरू केला त्या वर्षी एका पिकअपला मी मागून दोन इंच ठोकळे लावले. गिऱ्हाईक खूश. चार दिवसांनी तो परत आला, चेहरा उतरलेला. भरल्या गाडीचा ब्रेक दाबला तर पुढची चाकं घासली, मागची नुसती फिरत राहिली, समोरच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धडकता धडकता वाचला. बऱ्याच पिकअपांना मागच्या अॅक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक सळई गेलेली असते. माल भरला की चेसिस खाली येतं, सळई व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. मी चेसिस दोन इंच उचललं, सळई तशीच ठेवली. व्हॉल्व्हला वाटलं, गाडी रिकामी आहे. भरल्या गाडीला रिकाम्या गाडीचा ब्रेक मिळाला. चूक माझी, निव्वळ माझी. त्या दिवसापासून गाडी अर्धा इंच वर गेली तरी मी आधी ती सळई, मग ब्रेकचे होज पाइप आणि शेवटी हेडलाइट पाहतो. नाक वर झालेल्या गाडीचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो.

मालही विचारावा लागतो. सोयाबीन आणि हळद जड, पोती हौद्यात खालीच बसतात. मिरची आणि कापूस हलका, म्हणून लोक केबिनच्या वर दोन हात रचतात. दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर धरा, म्हणजे निम्मं ७०. भरल्या गाडीचा भारमध्य ९० सेंटिमीटरवर असेल तर तिला उलटवायला तिच्या वजनाच्या पाऊण हिश्श्याहून थोडा जास्त आडवा जोर लागतो: ७० भागिले ९०, म्हणजे ०.७८. मिरची उंच रचली, भारमध्य ११० वर गेला, की तो ०.६४ होतो. त्यात गाडी तीन इंच उचलली की ०.६०. पाटे वळणावर झुकतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही कमी. म्हणून मिरचीवाल्याची गाडी मी उचलत नाही. राग आला तरी चालेल.

हौसेनं येणारी तरुण मंडळी वेगळी. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा इसुझूची व्ही-क्रॉस घेऊन आला. ही गाडी २०१६ पासून आपल्याकडे विकली जाते. अशा गाडीला मागं पाटे, पण पुढं प्रत्येक चाक स्वतंत्र, स्प्रिंगवर. तिथं स्प्रिंगच्या डोक्यावर चकती ठेवून उंची मिळवता येते, पण तेवढंच चाकाचं खाली लोंबणं कमी होतं, बॉल जॉइंट आधीच तिरके होतात आणि खड्ड्यात चाक सुटलं की ते ठणकन आपटतात. त्याला मी म्हटलं, “दादा, तुला उंची हवी की खड्ड्यात चाल हवी?” चाल हवी असेल तर ऑस्ट्रेलियाच्या ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन यांचे स्प्रिंग, पाटे आणि शॉकप एकमेकांशी जुळवलेले सेट मिळतात. त्यांत उंची दीड-दोन इंचच वाढते, कारण त्यापुढे बाकीची गाडी साथ देत नाही. सेट घेताना वजन खरं सांगायचं: रिकामी फिरवणार, की कायम सामान लादून. मोंढ्याच्या वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग मागची चढवली की दोन आकडे मिळतात. तेवढ्या दोन आकड्यांवर अर्धी निवड होते.

कायदाही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विमावाला गाडीखाली वाकून पाहतो. मूळ मापाचे पाटे घालून गाडी उठवणं ही दुरुस्ती. उचलणं हा बदल.

मामांच्या गाडीला मूळ मापाचे पाटे बसवले. मागून बरोबर तीन बोटं वर आली. त्यांनी दोन मागितली होती. स्टेपनीचा आणि सायलेन्सरचा चुना नंतर पुसला नाही. गोळ्याचं काय, हे विचारायला ते सोयाबीन टाकून परत जाताना थांबले. मी म्हटलं, “मामा, चाकोरीत उतरूच नका. एक चाक दांडावर, दुसरं चाकोरीच्या बाहेर. गोळा आपोआप वर.”

मामा हसले. “अहो, बाप बैलगाडी हाकायचा तेव्हा सांगायचा, चाकोरी सोडू नको.”

“बैलगाडीला गोळा नव्हता, मामा.”

त्यांनी पाट्यावर हात मारून पाहिला आणि गाडी सुरू केली.