चिकपेटचे बोळ आणि रेशमाचे रेणू

बेंगळुरूच्या जुन्या पेठेतील चिकपेट म्हणजे धाकटी पेठ. थोरली ती दोड्डपेटे, आजचा अव्हेन्यू रोड. मी तिथे साड्यांपेक्षा बोळांसाठी जातो. मालाने भरलेला टेम्पो बोळात शिरूच शकत नाही, म्हणून तो थेट पुढे निघून जातो. मोकळ्या हाताचा माणूस प्रत्येक बोळात डोकावतो आणि उशिरा बाहेर पडतो. जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफी याच तत्त्वावर चालते. स्तंभात सच्छिद्र मणी भरलेले असतात. मोठे रेणू छिद्रांत मावत नाहीत, ते आधी बाहेर येतात. लहान रेणू रेंगाळतात. जॉन मूर यांनी १९६४ मध्ये या पद्धतीला हे नाव दिले.

चिकपेटमध्ये विकल्या जाणाऱ्या रेशमाचेच उदाहरण घ्या. फायब्रोइन या प्रथिनाची जड साखळी सुमारे ३९० किलोडाल्टनची, हलकी सुमारे २६ची. सेरिसिनचा चिकट थर काढण्यासाठी रेशीम सोड्यात उकळतात. जितके जास्त उकळावे तितक्या साखळ्या तुटतात. शस्त्रक्रियेसाठी किंवा औषध धरून ठेवण्यासाठी हेच रेशीम वापरायचे, तर तुकड्यांच्या लांबीवर त्याचे बळ आणि विरघळण्याचा वेग ठरतो. शिखरे एकमेकांत मिसळली, तर हा निर्णय अंधारात होतो.

अशा वेळी विद्यार्थी आधी लांब स्तंभ मागतात. पण विभेदन लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: ३० सेंटिमीटरचे ६० केले, तर ते १.४ पटच होते. वेळ आणि दाब मात्र दुप्पट. माझ्या मते आधी संयम करून पाहावा. प्रवाह निम्मा करा. थोराड रेणू छिद्रांत हळू शिरतात, त्यांना सवड हवी. नमुना विरळ आणि थोडाच टाका, कारण दाट द्रावण स्तंभातून एकसारखे सरकत नाही. जोडनळ्या आखूड ठेवा. स्तंभाने वेगळे केलेले त्या पुन्हा मिसळतात. छिद्रांचे माप रेणूंच्या मापाला जुळते का, हे तर सर्वांत आधी पाहायचे. रेशमासारखे विद्युतभारित प्रथिन मण्यांना चिकटू नये म्हणून वाहक द्रावात थोडे मीठही लागते. ते नसेल तर रेणू आकारानुसार नव्हे, चिकटण्यानुसार वेगळे होतात.

एवढे करूनही शिखर पसरटच राहिले, तर घाईने यंत्राला दोष देऊ नका. उकळलेल्या रेशमात खरोखरच सर्व लांबीचे तुकडे असतात, आणि ते रुंद शिखर कदाचित नमुन्याचेच खरे वर्णन असते.