घोटीच्या पेठेतली बिननावाची चांदी

कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला बँकर इंजिनं लागली आणि थळ घाटाची चढण सुरू झाली. सदतीस फुटांमागे एक फूट असा हा चढ. १८६५ पासून रेल्वे तो चढते आहे. वर इगतपुरीला उतरणारे बहुतेक जण धम्मगिरीच्या विपश्यना केंद्राकडे नाहीतर पावसाळी धबधब्यांकडे वळतात. मी घोटीच्या बाजारपेठेकडे निघालो, जुनी चांदी बघायला.

डोक्यात होतं मेक्सिकोमधलं टास्को. त्या डोंगराळ गावात विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन माणसाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला चांदीचा कारखाना काढला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांनी पुढे आपापले कारखाने थाटले. तिथलं जुनं कडं पालथं केलं की बनवणारा बहुधा सापडतो: स्प्रॅटलिंगची ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ ही अक्षरं, एक्तोर आगिलारची एकमेकांत गुंफलेली ‘एच’ आणि ‘ए’, अंतोनिओ पिनेदाचा मुकुट. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यात सरकारी गरुडाची भर पडली. पुढे १९८० च्या सुमारास गरुड जाऊन अक्षर-आकड्यांची खूण आली. तिचं पहिलं अक्षर गावाचं, दुसरं कारागिराच्या नावाचं.

घोटीत एका सराफाने मोडीत आलेला ऐवज पुढे ठेवला. वाळे, करदोडा, झिजून गुळगुळीत झालेले गोट, रुपयांची माळ. सगळं उलटंपालटं करून पाहिलं. अक्षर नाही, चिन्ह नाही.

“काका, कारागिराची खूण नाही कुठे?”

“खूण कशाला? सोनार पेठेतलाच. वाळा सैल झाला तर बाई त्याच्याच ओट्यावर येऊन बसायची.”

बरोबर आहे. टास्कोचा माल घेणारे अमेरिकन पर्यटक कारागिराला पुन्हा भेटणार नव्हते. दुसऱ्या महायुद्धात युरोपचा माल आटला, तेव्हा तर अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुकानांनी टास्कोकडे मागणी नोंदवली. मैलोगणती दूर बसलेल्या गिऱ्हाइकाला नाव लागतं. ठाकर किंवा महादेव कोळी बाईला आपला सोनार ठाऊकच होता.

मग बिननावाच्या चांदीवरून काय कळतं? रुपयांच्या माळेवरून बरंच. तिच्यातला सगळ्यात नवा रुपया ज्या सालचा, त्याआधीची ती माळ असू शकत नाही. व्हिक्टोरिया ‘क्वीन’ असेल तर नाणं जुनं, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ किंवा त्यानंतरचं. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि ते रुपये परत घेतले गेले. माळेत तो सापडला तर सराफाचेही डोळे चमकतात. मात्र हे झालं माळेचं वय. हात ओळखायचा तर कडी कुठे आणि कशी डाखली आहे ते बघावं लागतं. ठशावर ठोकलेल्या दागिन्यांत ठशाची चीरही उतरते. दोन दागिन्यांवर तीच चीर तिथेच दिसली, तर ठसा एकच. सोनाराचं नाव कळत नाही, पण त्याचं अवजार पकडता येतं. मला तरी हा शोध टास्कोच्या तयार अक्षरांपेक्षा जास्त रंगतदार वाटला.

अडचण एवढीच, की असे दोन दागिने शेजारी यायला ते वाचायला हवेत. मोडीला भाव वजनाचा आणि टंचाचा. दागिना मुशीत गेला की चीरही गेली.

काचेच्या कपाटात नवे पैंजण होते, कोल्हापूरजवळच्या हुपरीचे. तिथे हे काम घरोघर वाटलेलं असतं. तार एकाकडे, कड्या दुसऱ्याकडे, घुंगरू तिसऱ्याकडे. त्यामुळे एका पैंजणाला एकच कारागीर नसतोच. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कवरही सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक आला आहे, तूर्त ऐच्छिक. तो मोबाइलवर तपासला की शुद्धता कळते, विकणारा सराफ कळतो, तपासणी कुठे झाली तेही कळतं. कड्या कुणी जोडल्या, हा रकाना त्यात नाही.