कापसाच्या मुलखातून बर्फाकडे

वलगाव,
नोव्हेंबरअखेर

चि. बाबूस,


डिसेंबरात तुम्ही मित्रमंडळी हिमालयातल्या केदारकंठ्याला निघालात, हे तुझ्या आईकडून कळलं. सामानाची यादीही तिनं दाखवली. सहा सुती बनियन, दोन जीन्स, सुती मोजे. कापूस पिकवणाऱ्या मुलखातून हे लिहिणं जिवावर येतं, पण बर्फात कापसासारखा वैरी नाही. उन्हाळ्यात ४५ अंशांत जो गुण आपल्याला तारतो तोच तिथं उलटतो. सुती कापड घाम पितं, धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही. ओल्या कपड्यातून अंगाची ऊब भराभर निघून जाते. म्हणून गिर्यारोहक अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर घालतात, त्यावर ऊब धरणारा आणि सगळ्यात वर वारा अडवणारा. चढ लागण्याआधी ते एक थर उतरवतात, जरा हुडहुडी भरली तरी. थांबले की लगेच चढवतात. वऱ्हाडी माणसाला हेच जमत नाही. थंडी वाजली की जे असेल ते अंगावर घ्यायचं आणि शेकोटीजवळून हलायचं नाही, ही आपली रीत.

खरं तर असल्या गोष्टी निघण्याआधीच कळतात, आणि तेव्हाच कळाव्यात. रोआल्ड अमुंडसेनचं उदाहरण बघ. दक्षिण ध्रुव गाठायला निघालेला हा नॉर्वेजियन माणूस १९११ चा अख्खा अंटार्क्टिक हिवाळा तळावर बसून होता, पण रिकामा नाही. त्याचे सोबती स्लेजची लाकडं तासून वजन उतरवत होते. बूट ताठ आणि अपुरे पडतात म्हणून ते उसवून पुन्हा शिवत होते. तरी घाई नडलीच. ८ सप्टेंबरला ते निघाले, पारा उणे ५० च्याही खाली गेला, होकायंत्रातला द्रव गोठला, काहींच्या टाचांना हिमदंश झाला. अमुंडसेननं सामान वाटेत ठेवलं आणि माणसं परत फिरवली. तळावर मोठं भांडण झालं, बूट आणखी एकदा उसवले गेले. मग ऑक्टोबरात पाचच जण निघाले आणि १४ डिसेंबरला ध्रुवावर पोहोचले. त्या परत फिरण्याला काही जण अपयश म्हणतात. तुझ्या मामाला तो त्या मोहिमेतला सगळ्यात कामाचा आठवडा वाटतो.

इतकं दूर जायचं नसेल तर चंद्रपूर आहे. मे २०१८ मध्ये तिथल्या आश्रमशाळांमधल्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. आदिवासी विकास विभागाच्या त्या उपक्रमाचं नाव ‘मिशन शौर्य’. देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या जिल्ह्यांपैकी एकातली ही पोरं. त्यांना थेट हिमालयात नेऊन सोडलं नाही. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख असे टप्पे पाडून त्यांची तयारी झाली. आधी दोर आणि कातळ, बर्फ त्यानंतर.

तुमचा पहिला टप्पा चिखलदरा. मेळघाटच्या राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, तेव्हा तसला उद्योग करू नका. पठारावर रीतसर जागा घेऊन तंबू ठोका. उंची जेमतेम ११०० मीटर, बर्फ नाही, पण डिसेंबरातली पहाट बोचते. अंधारात, हातमोजे घालून तंबू उभा करून बघा. दोन मोजे चढवल्यावर बुटात बोटं हलतात का, हेही बघा. बूट घट्ट झाला तर रक्त खेळत नाही आणि पाय जास्तच गारठतात.

सकाळी गाविलगडावर जा. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीनं तो घेतला. किल्ल्याला धडकण्यासारखी बाजू उत्तरेची, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज जड तोफा दामणगावच्या वाटेनं डोंगरातून ओढत निघाली. ७ तारखेला निघालेली माणसं १२ ला लबाडा गावी पोहोचली. रस्ताही त्यांनाच करावा लागला. १५ ला सकाळी हल्ला झाला आणि किल्ला त्याच दिवशी पडला. बखरीत मान हल्ल्याला मिळतो, रस्त्याला नाही.

आता केदारकंठ्यावरचा स्वयंपाक. साडेतीन हजार मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे आपली तुरीची डाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. छोटा कुकर घ्या, नाहीतर मुगावर भागवा. नुसत्या ब्युटेनचा गॅसचा डबा शून्याखाली जवळजवळ निकामी होतो. प्रोपेन मिसळलेला बघून घ्या, पण तिकडेच. रेल्वेत गॅसचे डबे नेऊ देत नाहीत. आणि तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवायचा नाही. त्या धुरातला विषारी वायू वासानं कळत नाही. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, बूच मोकळं राहतं.

वजनाचं मात्र मनावर घे. आपल्या पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. गाडगं, काठी आणि चिंध्यांचं पांघरूण एवढ्यावर त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला होता. तेवढ्यावर बर्फात भागायचं नाही, कबूल. पण तुझ्या यादीतला स्पीकर पाहून त्यांनी खराटा उगारला असता.

चिखलदऱ्याहून परतलात की काय काय फसलं ते सविस्तर कळव. बूट चावत असतील तर अमरावतीला बदलून घेऊ, अजून तीन आठवडे आहेत. आईला नमस्कार.

तुझा,
मामा